दुसऱ्या नंबरची लीग, एक नंबर किस्से!

रात्रीचे दहा. बदलापूरच्या कात्रपमधल्या टर्फवर फ्लडलाइट लख्ख. जाळीच्या आत मेस्सीच्या जर्सीतले तिघं, रोनाल्डोच्या जर्सीतले दोघं आणि ऑफिसातून थेट आलेला, शर्टाच्या बाह्या सरसावलेला एक गोलकीपर. यांना मँचेस्टर सिटीची प्लेइंग इलेव्हन विचारा, धडाधड सांगतील. बार्सिलोनाचा राखीव गोलकीपर विचारा, तोही पाठ. आता हळूच विचारा, भारतातल्या दुसऱ्या दर्जाच्या फुटबॉल लीगचं नाव काय रे? बॉल एकीकडे, पोरं दुसरीकडे आणि सगळीकडे सन्नाटा!

टेन्शन नको. आम्ही आहोत ना! शिट्टी तोंडात, कार्डं खिशात. चला, किक-ऑफ!

उत्तर, २०२४-२५च्या मोसमापर्यंत तरी, आय-लीग. आणि पहिलाच झटका घ्या. माहीत आहे का, ही लीग जन्मापासून दुसऱ्या दर्जाची नव्हतीच? १९९६मध्ये देशात नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली. पहिला कप गेला पंजाबात, फगवाड्याच्या जेसीटी मिल्सकडे. २००७मध्ये याच लीगला नवा रंग, नवं नाव मिळालं: आय-लीग. संघ १० आणि मान देशात सर्वोच्च. मग २०१४मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, अवतरली. मालकांच्या यादीत सचिन, सौरव, रणबीर कपूर आणि जॉन अब्राहम! काही वर्षं दोन्ही लीग समांतर धावल्या, भांडल्या, रुसल्या. २०१९मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने रोडमॅप ठरला आणि २०२२-२३च्या मोसमापासून आयएसएल पहिली, आय-लीग दुसरी. खराब खेळून क्लब खाली घसरतात हे आपण ऐकलंय. इथे एकही गोल न खाता अख्खी लीगच रेलिगेट झाली!

आता डोकं गरगरवणारी गंमत. आय-लीग दुसऱ्या पायरीवर. मग 'आय-लीग टू' कितव्या? तिसऱ्या! आणि 'आय-लीग थ्री'? शाब्बास, चौथ्या. त्याच्या खाली राज्याराज्यांच्या लीग. म्हणजे नावातला आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, की खरी पायरी हाती लागते. हे नामकरण ज्याला सुचलं त्याला आमच्यातर्फे यलो कार्ड.

२०२४-२५चा फॉरमॅट मात्र साधा-सरळ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलात तर मुकाट्याने बसमध्ये बसा. त्या मोसमात १२ संघ होते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २२ मॅचेस आणि सगळ्या मिळून १३२. ना सेमीफायनल, ना फायनल. शेवटच्या शिट्टीला टेबलात जो सगळ्यात वर, तो चॅम्पियन. चॅम्पियनला आयएसएलचं दार उघडं, तेही फ्रँचायझी फी न भरता. तळाच्या दोघांची रवानगी आय-लीग टूमध्ये.

यातली मेख बदलापूरकरांना चुटकीसरशी कळेल. सकाळची लोकल आठवा. फलाटावरचे चढतच राहतात, आतलं मात्र कुणीच उतरत नाही. आयएसएलचं डिट्टो तेच! २०२३मध्ये राउंडग्लास पंजाब चढला, २०२४मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग, २०२५मध्ये इंटर काशी. उतरलं कोण? २०२४-२५चा मोसम संपेपर्यंत मैदानावरच्या कामगिरीमुळे आयएसएलमधून एकही क्लब खाली आलेला नाही. रोडमॅपमध्ये रेलिगेशन होतं, प्रत्यक्षात नाही. १८९१मध्ये जन्मलेला मोहम्मेडन वर गेला, पहिल्याच मोसमात तळाला राहिला, तरी सीट शाबूत. स्पष्टच सांगतो, या सगळ्या व्यवस्थेतली ही सगळ्यात फालतू गोष्ट. घसरायची भीतीच नसेल तर मार्च महिन्यात तळाचा संघ जीव तोडून खेळेल कशाला?

असो. बॅगा भरा, गोव्याला जाऊ.

माहीत आहे का, आय-लीगची पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याने नेली? डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, पुन्हा चर्चिल. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल नुसते बघत राहिले. मासे दोन्हीकडे, कप मात्र एकीकडेच!

गोलांचा पाऊस म्हणाल तर तोही गोव्यातच. ओडाफा ओकोली नावाचा नायजेरियन स्ट्रायकर चर्चिलकडून सलग तीन मोसम लीगमध्ये सर्वाधिक गोल करत राहिला. लोकांना वाटलं, याच्या पुढे कोण जाणार? गेला ना! डेम्पोचा रँटी मार्टिन्स, तोही नायजेरियाचाच. २०११-१२मध्ये त्याने एका मोसमात ३२ गोल ठोकले. आय-लीगचा विक्रम!

आणि हा स्कोअर वाचताना चष्मा पुसून घ्या. ३० मे २०११, डेम्पो विरुद्ध एअर इंडिया. निकाल: १४-०. होय, चौदा! सरासरी काढली तर दर साडेसहा मिनिटांना एक गोल. म्हणजे जाळ्यातून बॉल काढायचा, मध्यावर ठेवायचा, घाम पुसायचा, की पुढचा हजर. एअर इंडियाचा संघ आपल्या मुंबईचा. त्या दिवशी टेक-ऑफ काही झालं नाही, लँडिंग तेवढं चौदा वेळा, तेही स्वतःच्याच जाळ्यात.

"म्हणजे मुंबईने काहीच जिंकलं नाही?" असं कोण म्हणतं! २००५-०६चा नॅशनल लीगचा कप महिंद्रा युनायटेडने कूपरेजवर आणला होता. कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. नॅशनल लीग आणि आय-लीग दोन्हींची विजेत्यांची यादी वरपासून खालपर्यंत वाचा, महाराष्ट्राचं नाव एवढं एकदाच सापडतं. आणि मग? २०१०मध्ये कंपनीने संघच बंद केला. जीप थेट गॅरेजमध्ये!

इथून पुढचा आमच्या राज्याचा इतिहास म्हणजे हजेरीपटावर 'गैरहजर'चे शिक्के. २०१३मध्ये मुंबईचे दोन सरकारी गडी, एअर इंडिया आणि ओएनजीसी, लायसन्सच्या अटींत बसले नाहीत म्हणून बाहेर. थांबा, लायसन्स? फुटबॉल खेळायला? हो तर! आशियाई महासंघाच्या नियमांनुसार क्लबची पाच बाजूंनी झडती होते: खेळ, मैदानासारख्या सुविधा, माणसं आणि कारभार, कायदेशीर कागद आणि पैसा. युवा संघ आहेत का? कोच योग्य डिग्रीचा आहे का? हिशेब तपासलेले आहेत का? सेंटर फॉरवर्ड कितीही भारी असो, क्लबचा अकाउंटंट कच्चा निघाला की खेळ खल्लास.

पुण्याची तर तऱ्हाच न्यारी. पुणे एफसी २००९-१०मध्ये आय-लीगमध्ये आला आणि पदार्पणातच तिसरा! कोच ओळखीचे, तेच डेरिक परेरा. २०१२-१३मध्ये तर उपविजेता. मग २०१४-१५ला शहरात आणखी एक क्लब अवतरला, कल्याणी ग्रुपचा भारत एफसी. एका शहराचे दोन संघ, बालेवाडीत पुणे विरुद्ध पुणे! 'पुणे तिथे काय उणे' म्हणेपर्यंत दोघांचंही उणे झालं. तो मोसम संपला आणि दोन्ही क्लब गुल.

पण भारत एफसी जाताजाता एक भन्नाट ट्रिव्हिया ठेवून गेला. माहीत आहे का, त्या मोसमात तो टेबलात शेवटचा होता, तरी रेलिगेट झाला डेम्पो? कारण नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या क्लबला रेलिगेशनपासून सूट होती. म्हणजे नॅशनल लीग धरून पाच वेळचा राष्ट्रीय चॅम्पियन खाली गेला, शेवटचा नंबर सहीसलामत वाचला आणि वाचलेल्याने लगोलग शटर ओढलं. असली पटकथा नाटकवाल्यांनी लिहिली असती तर आपण म्हणालो असतो, काहीही हं!

पुण्याचंच तिसरं नाव डीएसके शिवाजियन्स. २०१५-१६ला आत, २०१६-१७नंतर बाहेर. पुढे चला.

आता या लेखातला बॉक्स-ऑफिस किस्सा. पॉपकॉर्न घेऊन बसा.

मुंबई एफसी. पिवळ्या जर्सीचा क्लब, जन्म २००७चा. दुसऱ्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून थेट आय-लीगमध्ये. २००९पासून सात वर्षं कोच एकच, खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण खेळले महिंद्राकडून, एअर इंडियाकडून आणि मुंबई एफसीकडूनही. कूपरेजचा कोपरा न् कोपरा पाठ. क्लबचं बजेट बेताचं, नावाजलेले स्टार मोजकेच. दर मोसमात वाटायचं की यंदा बुडणार, आणि दर मोसमात खालिद कुठून तरी दोन-चार गुण ओढून आणायचे, नाव काठाला लागायची. सुंदर फुटबॉल? छे! पण टिकून राहण्याची कला असते, तिचे ते उस्ताद.

२०१६मध्ये क्लब आणि कोच यांची फारकत झाली. खालिद पोहोचले मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे. आता ऐझॉलची हालत ऐका. तो क्लब नुकताच आय-लीगमधून रेलिगेट झालेला! पण त्याच सुमारास भारतीय महासंघाच्या लीग-फेररचनेवर नाराज होऊन गोव्याच्या तीन क्लबांनी, डेम्पो (एव्हाना पुन्हा वर आलेला), साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा यांनी, लीगमधून अंग काढून घेतलं. जागा रिकाम्या पडल्या आणि ऐझॉलला परत आत घेतलं गेलं. गोवेकर रुसले, मिझो हसले!

खालिदबरोबर त्या संघात मुंबई एफसीत घडलेले दोघं होते, जयेश राणे आणि आशुतोष मेहता. राणे आडनावाचा मुंबईकर ऐझॉलच्या डोंगरातल्या टर्फवर बॉल नाचवतोय, हे चित्र आम्हाला भलतंच आवडतं.

२२ एप्रिल २०१७. ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-०ने चीत केलं. हेडर झोमिंग्लियाना राल्तेचा. आता शेवटच्या दिवशी फक्त एक गुण हवा. ३० एप्रिल, शिलाँग. समोर शिलाँग लाजाँग. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांदा डिकाने गोल ठोकला. गॅलरीतल्या मिझो पाहुण्यांच्या पोटात गोळा. तिकडे कोलकात्यात बागानही मैदानात. तो जिंकला आणि ऐझॉल हरला तर पुस्तक बंद. अर्धा तास गेला, हाफ-टाइम गेला. ६७वं मिनिट. विल्यम लालनुनफेला. गोल! १-१. शिट्टी वाजली तेव्हा ऐझॉल ३७, बागान ३६. आदल्या मोसमात बुडालेला क्लब देशाचा चॅम्पियन, आणि ईशान्य भारतातला पहिलाच!

थांबा, उठू नका, पोस्ट-क्रेडिट सीन बाकी आहे. त्याच मोसमात टेबलाच्या अगदी तळाला कोण होतं? मुंबई एफसी! ज्यांनी खालिदला जाऊ दिलं ते रेलिगेट झाले आणि पुढे क्लबच मिटला. खालिद? ऑगस्ट २०२५मध्ये ते थेट भारतीय संघाचे कोच झाले. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाच्या सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून भारताने तिसरा क्रमांक पटकावला. काठाला लागणं हा त्यांचा जुना धंदाच!

ऐझॉलवाले हसले, आता रडणाऱ्यांकडे वळू. लीगमधला सगळ्यात कमनशिबी क्लब कोणता? आमचं मत चर्चिल ब्रदर्सला.

आधी ओळख. चर्चगेटशी संबंध नाही, सिगारवाल्या इंग्रज पंतप्रधानांशीही नाही. हा गोव्यातल्या सासष्टीचा क्लब, चर्चिल आलेमाव यांच्या घराण्याचा. माहीत आहे का, हे आलेमाव १९९०मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री होते, फक्त १८ दिवस? लीगचा मोसम त्याहून कितीतरी लांब चालतो.

२००८-०९ आणि २०१२-१३, दोन कप त्यांच्या कपाटात आहेत, नाही म्हणायला. पण गमावलेल्यांची गोष्ट ऐका. आय-लीगचा अगदी पहिला मोसम, २००७-०८. डेम्पो ३६ गुण, चर्चिल ३६ गुण. गोलफरकाने कप डेम्पोला. ठीक आहे, होतं कधीकधी. २०२०-२१, कोविडमुळे सगळी लीग बंगालमध्ये बायो-बबलमध्ये. गोकुलम केरळा २९, चर्चिल २९. या वेळी नियम वेगळा, आपापसातल्या मॅचेसचा हिशेब बघायचा. कप गोकुलमला! म्हणजे एकदा गोलफरकाने गेला, एकदा हेड-टू-हेडने. आता उरलं काय? कोर्ट!

२०२४-२५. मैदानावरचा खेळ एप्रिलमध्ये संपला तेव्हा चर्चिल ४०, इंटर काशी ३९. पण जानेवारीतली एक मॅच लटकलेली. नामधारी एफसीने काशीला २-०ने हरवलं होतं खरं, पण काशीचा दावा असा की नामधारीने अपात्र खेळाडू उतरवला, सबब ३ गुण आमचे. त्यात काशीने आपल्याच एका स्पॅनिश खेळाडूची पुन्हा नोंदणी केली ती नियमात बसते का, हा दुसरा गुंता. आपल्या महासंघाच्या अपील समितीने कौल दिला आणि चर्चिल चॅम्पियन घोषित झाला. काशीने थेट स्वित्झर्लंड गाठलं, लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय. १८ जुलै २०२५ला निकाल: काशी ४२, चर्चिल ४०. चॅम्पियन इंटर काशी! सेलिब्रेशन एप्रिलमध्ये, हार जुलैमध्ये. वकिलाचा गोल, तोही शंभर दिवसांच्या इंज्युरी टाइममध्ये.

आणि अजून एक, हा आमचा लाडका. २०१२-१३ला चर्चिल चॅम्पियन. पुढच्या मोसमात? फेडरेशन कप जिंकला आणि लीगमधून रेलिगेट झाला! दोन्ही एकाच मोसमात. एका हातात कप, दुसऱ्या हातात खाली जायचं तिकीट. गंमत म्हणजे त्यांच्यासोबत खाली गेलेल्या मोहम्मेडननेही त्या मोसमात ड्युरँड कप जिंकला होता. त्या वर्षी ट्रॉफीला हात लावायचीच भीती वाटली असेल.

काशीचा विषय निघालाच आहे तर, माहीत आहे का, वाराणसीचा हा क्लब घरच्या मॅचेस कुठे खेळायचा? कल्याणीत! ओ, बॅग उचलून स्टेशनवर पळू नका. आपलं कल्याण नव्हे, पश्चिम बंगालमधलं कल्याणी. आणि दिल्ली एफसीचं घरचं मैदान? पंजाबात, होशियारपूर जिल्ह्यातल्या माहिलपूरला. नाव एका गावाचं, घर दुसऱ्या गावात. भाडेकरूंचा प्रॉब्लेम फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

खऱ्या घरचं मैदान कसं असतं ते श्रीनगरला बघा. २०१४च्या महापुरानंतर पोरांच्या हाताला, म्हणजे पायाला, काहीतरी काम हवं म्हणून धडपड सुरू झाली आणि २०१६मध्ये रिअल काश्मीर एफसी उभा राहिला. २०१८-१९ला आय-लीगमध्ये. कोच स्कॉटलंडच्या रेंजर्सचे माजी खेळाडू डेव्हिड रॉबर्टसन. क्लबवर बीबीसी स्कॉटलंडने माहितीपट केला. आणि मॅच पुढे ढकलण्याचं कारण? पाऊस नाही, लाइट नाही... बर्फ! इकडे कूपरेजवर घामाने जर्सी पिळायची वेळ, तिकडे खोऱ्याने मैदान साफ करायची. एकच लीग, एकच देश.

मालक कोण कोण आहेत किंवा होते, ही यादी तर एकदा मोठ्याने वाचाच. खाणवाले (साळगावकर, डेम्पो), जीपवाले, विमानवाले, तेलवाले, बिल्डर, राजकारणी. गोकुलम केरळाचे मालक चिटफंडवाले. आणि ज्यांनी काशीला हरवून सगळं रामायण घडवलं त्या नामधारींचा क्लब लुधियानाजवळच्या भैणी साहिबचा, नामधारी पंथाचा. हीच मंडळी हॉकीतही प्रसिद्ध. गोकुलमने एक विक्रमही केलाय हं: २०२०-२१ आणि २०२१-२२, आय-लीगचा कप लागोपाठ दोनदा जिंकणारा हा पहिला क्लब. चिटफंडात मुद्दल सुरक्षित राहिल्याचं असं उदाहरण विरळाच!

आता एक कोडं. कितीही वेळा हरा, रेलिगेशन नाही. परदेशी खेळाडू एकही नाही. संघात सगळी कोवळी पोरं. असा कोणता संघ आय-लीगमध्ये होता? इंडियन ॲरोज! मालक खुद्द राष्ट्रीय महासंघ. तरुणांना वरच्या दर्जाच्या मॅचेस मिळाव्यात म्हणून हा उद्योग. २०१७मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली बरीच पोरं त्यात घेतली. २९ नोव्हेंबर २०१७ला चेन्नई सिटीविरुद्ध मॅच. मोठ्या, दाढी-मिशीवाल्या व्यावसायिकांसमोर ही शाळकरी मंडळी. निकाल? ३-० पोरांच्या बाजूने! त्यातले दोन गोल कुणाचे माहीत आहे का? कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. जगात भारी, हे कोल्हापूरकर उगीच म्हणत नाहीत!

आणि हरलेली चेन्नई सिटी? पुढच्याच मोसमात आय-लीगची चॅम्पियन. २०२१-२२ला मात्र लीगच्या यादीत तिचं नावच नव्हतं. या लीगमध्ये कुणाचंच बूड स्थिर नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

कोल्हापूरचं नाव निघालं की थांबावंच लागतं. तिथे फुटबॉल संघ कोण चालवतं? तालमी! पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. लाल मातीतल्यांनी हिरव्या मैदानावर संघ उतरवले. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगची मॅच असली की जी गर्दी उसळते ती बघून आय-लीगच्या कित्येक क्लबांनी हेव्याने ओठ चावावेत. महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्येही एफसी कोल्हापूर सिटी उतरलेला आहे. पैलवानी खुराक कुठेही चालतो.

मुंबईचं शेवटचं आय-लीग नाव केंकरे एफसी. २०२१-२२ला आला, २०२२-२३च्या मोसमाअखेर रेलिगेट. त्याच्या घरच्या मॅचेस कूपरेजवर. तुम्ही कधी गेला असाल तर तिथलं कृत्रिम गवत जवळून बघितलं असेल. हिरव्या पात्यांच्या मुळाशी काळ्या रबराचे बारीक दाणे पसरलेले. बॉलने टप्पा घेतला की त्यांचा एवढासा फवारा उडतो. उन्हात मैदान असं तापतं की बुटाखाली पोळपाटच लागावा. मॅच संपल्यावर खेळाडू बूट उलटा करून आपटतात, चिमूट-चिमूट काळे दाणे बाहेर पडतात. घरी गेल्यावर मोज्यातून निघतात ते वेगळेच. आईची बोलणी बोनस. केंकरे गेला आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही मोसमांत आय-लीगच्या टेबलात महाराष्ट्र शून्य. सव्वा बारा कोटींच्या वर माणसं असलेल्या राज्याला दुसऱ्या पायरीवर अकरा जण उभे करता येऊ नयेत, ही ट्रिव्हिया नाही, लाज आहे. पुढे.

आता कान टवकारा, कारण गाडी आपल्या स्टेशनकडे येतेय. माहीत आहे का, बदलापूरच्या शेजारच्या स्टेशनचं नाव राष्ट्रीय फुटबॉलच्या तक्त्यावर झळकलंय? (मधे चिखलोली स्टेशन होईल तेव्हा होईल, तोवर शेजारी अंबरनाथच.) क्लबचं नाव अंबरनाथ युनायटेड अटलांटा एफसी! शिलाहारांचं १०६०मधलं शिवमंदिर आणि अमेरिकेतलं शहर, एकाच जर्सीवर. मुंबईच्या लीगमधून वर आलेला हा संघ २०२२-२३च्या मोसमात आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळला. आय-लीगच्या एकच पायरी खाली! आणि आपल्यातले निम्मे जण तेव्हा प्रीमियर लीगच्या फँटसी टीममध्ये कॅप्टन बदलत होते.

वर चढायला किती वर्षं लागतात? पश्चिम बंगालचा डायमंड हार्बर एफसी बघा. स्थापना २०२२. आधी आय-लीग थ्री जिंकली, मग पाठोपाठ आय-लीग टू. २०२५मध्ये थेट आय-लीगच्या दारात, आणि त्याच वर्षी ड्युरँड कपच्या फायनलमध्येसुद्धा! बेंगळुरूच्या स्पोर्टिंग क्लबनेही असंच केलं: २०२३ची आय-लीग थ्री, मग २०२३-२४ची आय-लीग टू. दोन ढांगांत दोन जिने.

म्हणजे आज कात्रपमध्ये कुणी क्लब नोंदवला, तर रस्ता असा: जिल्ह्याची किंवा मुंबईची लीग, तिथून राज्य संघटना, म्हणजे वायफा, जिचा पत्ता कूपरेज. मग आय-लीग थ्री, आय-लीग टू, आय-लीग. अकरा खेळाडू, डिग्रीवाला कोच, पोराटोरांचे युवा संघ, तपासलेले हिशेब आणि एक दमदार स्पॉन्सर. खेळाडू मिळतील, कोचही मिळेल, स्पॉन्सरसाठी बिल्डरांचे होर्डिंग मोजायला सुरुवात करा. क्लबच्या लोगोत बारवी धरण घ्यायचं की उल्हास नदी, यावर मात्र पहिल्याच मीटिंगमध्ये राडा होणार. तिथे रेफरी आम्ही!